बाग फुलांनी भरलेली, तरी मधमाशी उपाशी

ओळीने कुंड्या, प्रत्येक कुंडीत रंग, आणि त्यावर एकही माशी नाही. अशा बागा पुष्कळ असतात. मधमाश्या कमी झाल्या, फुलपाखरं दिसेनाशी झाली, असं आपण म्हणतो आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण वाट चुकून या बागेत आलेल्या माशीला खायला काय मिळेल, हे फारसं कुणी पाहत नाही. पुष्कळदा काहीच मिळत नाही. फुलं आहेत, पण त्यांत मकरंद नाही. किंवा मकरंद आहे, पण तिथवर तोंड पोहोचत नाही.

मकरंद म्हणजे मुळात साखरेचं पाणी. पानांत तयार झालेली साखर झाड फुलातल्या बारीक ग्रंथींपर्यंत आणतं आणि तिथून थेंबाथेंबाने बाहेर सोडतं. त्यात सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साखरा असतात, शिवाय अगदी थोडी अमिनो आम्लं आणि क्षार. कीटकाला उडायला लागणारी ताकद यातून मिळते. परागाचं काम वेगळं. झाडासाठी तो नरबीज वाहून नेणारा कण आहे, मधमाशीसाठी मात्र प्रथिनांचं आणि स्निग्धांचं खाद्य, तेही मुख्यतः अळ्या वाढवण्यासाठी. म्हणून नुसत्या मकरंदावर मधमाश्यांची पुढची पिढी उभी राहत नाही. फुलपाखरांच्या अळ्या पानं खाऊन वाढतात, त्यामुळे मोठ्या फुलपाखराचं बहुतेक मकरंदावर भागतं.

झाड हे सगळं धर्मादाय म्हणून करत नाही. माशीच्या अंगाला चिकटून पराग दुसऱ्या फुलावर जावा, एवढ्यासाठी हा खर्च. या व्यवहारावर आपलंही बरंच काही अवलंबून आहे. जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांची पाहणी करून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं की त्यांतल्या ८७ पिकांना कमीअधिक प्रमाणात कीटकांची किंवा इतर प्राण्यांची मदत लागते. गहू, भात, मका वाऱ्यावर किंवा स्वतःच्याच परागावर भागवतात, म्हणून उपासमार होणार नाही. पण फळं, तेलबिया, शेंगा, भोपळावर्गीय भाज्या, कॉफी, कोको, बदाम यांची गोष्ट वेगळी.

एका बागेतून मकरंद निघून निघणार किती? फार थोडा. ब्रिटनमधल्या चार शहरांत झालेल्या मोजणीनुसार तीन सर्वसाधारण घरगुती बागा मिळून दिवसाला साधारण एक चहाचा चमचा मकरंद देतात. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण त्याच मोजणीत असंही दिसलं की त्या शहरांतल्या एकूण मकरंदापैकी सुमारे ८५ टक्के अशा खासगी बागांमधूनच येतो. सार्वजनिक उद्यानं आणि हिरवळीची मैदानं त्यापुढे मागे पडतात. एकसारखी कापलेली हिरवळ म्हणजे कीटकांच्या दृष्टीने जवळपास वाळवंटच.

पाकळ्या वाढल्या, जेवण गेलं

निवड करताना सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे फुलाचा मधला भाग. तो दिसतो का? पुंकेसर उघडे आहेत का? मधे पिवळी तबकडी आहे का? नसेल, तर फूल कितीही देखणं असो, बहुधा कीटकांच्या उपयोगाचं नाही.

कारण असं. गुलाबासारख्या फुलात पाकळ्या आणि पुंकेसर एकाच मूळ रचनेतून घडतात. कुठल्या वर्तुळात काय घडायचं हे काही जनुकं ठरवतात. त्यांतलं एखादं बिघडलं की जिथे पुंकेसर यायचे तिथे पाकळ्या येतात. रानगुलाबाला पाच पाकळ्या आणि मधे केसरांचा झुबका असतो. बाजारातल्या गच्च गुलाबात पाकळ्यांचे थरच्या थर असतात, ते बऱ्याच अंशी या केसरांच्या बदल्यात आलेले. माणसाला हा बिघाड आवडला, म्हणून त्याने तो जपला, कलमं करून वाढवला. पराग कमी झाला, आणि जो थोडा मकरंद उरला त्याची वाट पाकळ्यांनी बंद केली.

झेंडू, शेवंती, झिनिया, डालिया, सूर्यफूल या कुळात हाच प्रकार जरा निराळ्या रीतीने होतो. सूर्यफूल म्हणजे एक फूल नव्हे, शेकडो इवल्या फुलांची सभा आहे. कडेची पिवळी ‘पाकळी’ हे एक वांझ फूल, आणि मधल्या तबकडीतली नळीसारखी बारीक फुलं ही खरी कामाची. मकरंद आणि पराग तिथे. कडेकडून आतल्या बाजूला ती रोज थोडीथोडी उमलत जातात, त्यामुळे एकच सूर्यफूल कित्येक दिवस मेजवानी देतं. पण फुगीर चेंडूसारखा झेंडू तयार करताना मधली नळीफुलं घालवून त्यांच्या जागी पट्टीसारखी फुलं आणली जातात. तबकडीच नाहीशी होते. त्याच झेंडूचा साधा, एकेरी पाकळ्यांचा आणि मधे उघडा असलेला प्रकार लावला, तर त्यावर दिवसभर वर्दळ राहते. रोपवाटिकेत ‘डबल’ असं लिहिलेलं किंवा सांगितलेलं रोप टाळायचं, एवढा एकच नियम पाळला तरी अर्धं काम होतं असं माझं मत आहे. सूर्यफुलातही फुलदाणीसाठी तयार केलेल्या काही जाती पराग न देणाऱ्या असतात, टेबलावर भुकटी सांडू नये म्हणून. त्यांत मकरंद असतो, पराग नाही.

बोगनवेलीचं प्रकरण याहून गमतीचं. आपण ज्याला फूल समजतो ती रंगीत पानं आहेत. खरं फूल मधली पांढरट, बारीक नळी. लांब सोंडेचं फुलपाखरू तिथे अधूनमधून बसतं, पण ज्या प्रमाणात रंग दिसतो त्या प्रमाणात खाद्य नाही.

कोणाची सोंड किती

मकरंद असणं आणि तो मिळणं या दोन गोष्टी आहेत. १८६२ मध्ये चार्ल्स डार्विनकडे मादागास्करमधलं एक पांढरं ऑर्किड आलं. त्याच्या मागे सुमारे ३० सेंटिमीटर लांब पोकळ शेपटी होती आणि मकरंद त्या शेपटीच्या अगदी तळाशी. त्यावरून डार्विनने म्हटलं की तितक्याच लांब सोंडेचा पतंग त्या बेटावर असलाच पाहिजे. पुष्कळांना हे अशक्य वाटलं. डार्विन १८८२ मध्ये गेला. तसा पतंग शास्त्रात नोंदला गेला तो १९०३ मध्ये.

बागेत इतकं टोकाचं काही नसतं, पण तत्त्व तेच. बारीक जातीच्या मधमाश्या, हवेत जागच्या जागी तरंगणाऱ्या पट्टेरी माश्या, छोट्या गांधीलमाश्या यांची तोंडं आखूड असतात. त्यांना उथळ, उघडी, छत्रीसारखी पसरलेली फुलं लागतात: कोथिंबीर, शेपू, बडीशेप, ओवा, गाजर. भाजीसाठी लावलेली कोथिंबीर फुलावर आली की ती वाया गेली समजून उपटून टाकली जाते. दोनचार रोपं तशीच राहू द्या. त्या तरंगणाऱ्या पट्टेरी माश्यांपैकी अनेक जातींच्या अळ्या मावा ही कीड खातात, हा त्यातला आणखी एक फायदा.

तुळशीच्या कुळातली झाडं मला सगळ्यांत भरवशाची वाटतात. तुळस, सब्जा, पुदिना, ओरेगॅनो, थाईम, लव्हेंडर, साल्व्हिया. फूल लहान, नळी मध्यम, खालचा ओठ माशीला उतरायला अगदी सोयीचा, आणि तुरा खालून वर फुलत जात असल्याने बहर लांबतो. अट एकच, मंजिऱ्या फुलू द्यायच्या. पानं भरपूर यावीत म्हणून त्या सतत खुडल्या जातात. दोन रोपं पानांसाठी आणि दोन फुलांसाठी, अशी वाटणी केली की भांडण मिटतं.

फुलपाखरांना टेकायला जागा लागते, म्हणून झिनिया, कॉसमॉस यांसारखी पसरट फुलं किंवा एक्झोरा, पेंटास यांचे घट्ट गुच्छ. रात्रीच्या पतंगांसाठी पांढरी, संध्याकाळनंतर दरवळणारी, लांब नळीची फुलं. मोठे काळे भुंगे जोरदार असतात. शेंगावर्गीय झाडांची मिटलेली फुलं वजनाने आणि ताकदीने उघडणं त्यांना जमतं. कधीकधी ते लबाडीही करतात, नळीच्या बुडाशी छेद देऊन मकरंद ओढतात आणि परागाला शिवतही नाहीत.

टोमॅटो आणि वांगं यांचं मात्र वेगळंच. त्यांच्या फुलात मकरंद नसतोच, फक्त पराग असतो, आणि तोही टोकाला बारीक भोक असलेल्या कोशात कोंडलेला. भुंगा किंवा तशी ताकदवान माशी फुलाला घट्ट धरते, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते आणि पराग भुरभुरून बाहेर पडतो. आपल्या ओळखीच्या पोळ्यातल्या मधमाशीला ही युक्ती येत नाही. हरितगृहातल्या टोमॅटोसाठी म्हणूनच १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून केसाळ भुंगेमाश्या, म्हणजे बम्बलबी, मुद्दाम पाळल्या जाऊ लागल्या. त्याआधी माणसं हातात कंपन देणारं यंत्र घेऊन रांगांमधून फिरत.

भोपळ्याच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगळी असतात, पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. तेवढ्या वेळात कोणी फिरकलं नाही तर मादी फुलामागचं कोवळं फळ पिवळं पडून गळतं. लोक खताची कमतरता समजून खत टाकत राहतात. आधी सकाळी तिथे माशा येतात का ते बघावं.

रंग, वेळ आणि थवा

मधमाशीला लाल रंग लाल म्हणून दिसत नाही, पण आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश दिसतो. कार्ल फॉन फ्रिश यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगीत कागदांवर साखरपाणी ठेवून मधमाश्यांना रंग ओळखता येतात हे सिद्ध केलं. पुढे मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडली आणि १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्याला सपाट पिवळं दिसणारं फूल अतिनील प्रकाशात पाहिलं तर पुष्कळदा मधे गडद वर्तुळ किंवा आत नेणाऱ्या रेषा दिसतात. मकरंदाकडे जाणारे हे बाण. पाकळ्यांवरच्या अशा खुणांचा अर्थ जर्मनीच्या क्रिस्टियान स्प्रेंगेलने १७९३ मध्येच मांडला होता, पण तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच की मधमाश्यांसाठी निळी, जांभळी, पांढरी, पिवळी फुलं आधी. लाल, नळीदार फुलं बहुतेक पक्ष्यांसाठी असतात. ती ठेवायला हरकत नाही, शिंजिरांना ती हवीच आहेत.

रंगापेक्षा महत्त्वाचा आहे थवा. पोळ्यातून निघालेली कामकरी माशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर जाते. हे ॲरिस्टॉटलच्याही लक्षात आलं होतं. प्रत्येक जातीचं फूल उघडायची रीत वेगळी, आणि एकदा शिकलेली रीत वापरत राहण्यात तिचा वेळ वाचतो. झाडालाही हे सोयीचं, कारण पराग आपल्याच जातीत पोहोचतो. तेव्हा बारा जातींची एकेक रोपं विखरून लावण्यापेक्षा चार जातींची प्रत्येकी पाचसहा रोपं एकत्र लावावीत. जागा असेल तर प्रत्येक जातीचा निदान एक चौरस मीटरचा पट्टा. खिडकीत एकच लांब कुंडी असेल तर तीत एकच जात, गच्च.

फुलातला मकरंद दिवसभर सारखा नसतो. काही फुलं सकाळीच तो देऊन मोकळी होतात, काही संध्याकाळी. माती कोरडी पडली की झाड हात आखडतं, म्हणून ऐन उन्हाळ्यात फुलं दिसत असूनही माशी येऊन लगेच निघून जाते. फुलायच्या काळात पाणी तोडू नये. आणि झाड केवळ निमूट पुरवठादार आहे असंही नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात समुद्रकाठच्या एका इव्हनिंग प्रिमरोजला उडत्या मधमाशीचा आवाज ऐकवला, तर ३ मिनिटांच्या आत त्याच्या मकरंदातली साखर वाढली. कॉफीच्या आणि लिंबूवर्गीय झाडांच्या मकरंदात अत्यल्प कॅफीन असतं. त्याने मधमाशीला त्या फुलाचा वास जास्त काळ आठवणीत राहतो, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं.

मोकळे महिने

हौशी बागा इथेच अडखळतात. एका हंगामात फुलांचा पूर, आणि नंतर दोन महिने शुकशुकाट. पोळं करून राहणाऱ्या मधमाशीकडे मधाचा साठा तरी असतो. बाकीच्यांकडे नसतो.

एक कागद घ्या, बारा महिन्यांचे रकाने आखा आणि आपल्याकडे केव्हा काय फुलतं ते भरा. रिकामे रकाने लगेच दिसतील. रोपवाटिकेत बहरात असलेलं झाड पाहून खरेदी करायची सवय असेल, तर सगळी झाडं एकाच महिन्यात फुलणारी निघतात. म्हणून ज्या महिन्यात आपला रकाना रिकामा आहे त्या महिन्यात रोपवाटिकेत जायचं, आणि तिथे ज्या रोपावर माशा आधीच बसलेल्या आहेत ते उचलायचं. लेबलपेक्षा त्या माशीची शिफारस खरी. मौसमी फुलांचं बी एकदम न पेरता दोनतीन आठवड्यांच्या अंतराने थोडंथोडं पेरलं, तर बहर लांबतो. सुकलेली फुलं खुडत राहिल्यानेही नवी येत राहतात. आणि जमीन असेल तर एखादा वृक्ष लावावाच: एकाच वेळी हजारो फुलं, तीही जमिनीवरची जागा न अडवता.

स्थानिक झाडं आधी निवडावीत, कारण त्या भागातले कीटक त्यांच्याबरोबरच घडलेले असतात आणि काही माश्या तर ठराविक कुळाचाच पराग गोळा करतात. पण परदेशी झाड म्हणजे पाप, असं मी मानत नाही. झिनिया, कॉसमॉस, सूर्यफूल मूळचे अमेरिका खंडातले आहेत आणि जगभरच्या माश्या त्यांवर खुशाल जेवतात. धोका वेगळा आहे. घाणेरीवर फुलपाखरांची झुंबड असते हे खरं, पण ती अनेक देशांत रानंच्या रानं गिळत चालली आहे. कुंपण ओलांडून पसरणारं झाड मकरंदाच्या नावाखाली लावू नये.

फुलपाखरं हवी असतील तर अळ्यांसाठीही काही हवं. मादी अंडी घालते ती ठराविक झाडावर: रुईच्या कुळातल्या झाडांवर काही जाती, लिंबू आणि कढीपत्त्यावर दुसऱ्या काही. पानं कुरतडली जाणार, आणि ती जाऊ द्यायची. पानं अखंड हवीत आणि फुलपाखरंही हवीत, हे जमत नाही.

नुसतं पोळं म्हणजे मधमाशी नव्हे

मधमाश्या वाचवायच्या म्हणून काही उत्साही लोक थेट मधपेटी आणून ठेवतात. हा उपाय मला चुकीच्या टोकाने सुरुवात केल्यासारखा वाटतो. जगात मधमाश्यांच्या सुमारे २०,००० जाती आहेत. पेटीत पाळल्या जाणाऱ्या जाती त्यांतल्या मोजक्या. बाकी बहुतेक एकट्या राहतात: राणी नाही, कामकरी नाहीत, मध नाही. एकच मादी बीळ करते, परागाचा गोळा आणते, त्यावर अंडं घालते, तोंड बंद करते आणि पुढच्या कप्प्याला लागते. हजारो तोंडांची पेटी फुलं कमी असलेल्या जागी आणली, तर या एकट्या माश्यांच्या वाट्याचं कमी होतं. आधी फुलं वाढवावीत.

या लहान माश्यांसाठीच घरगुती बाग सर्वांत मोलाची आहे. पोळ्यातली मधमाशी गरज पडली तर कित्येक किलोमीटर लांब जाते. बारीक एकटी माशी घरट्यापासून काहीशे मीटरच्या पलीकडे सहसा जात नाही. तिच्यासाठी चार घरांच्या कुंड्या हेच सगळं जग.

तिला राहायलाही जागा लागते. बहुसंख्य जाती जमिनीत बिळं करतात, म्हणून बागेचा उन्हातला एक कोपरा उघडा ठेवावा. फरशी नको, प्लास्टिकचं आच्छादन नको, सारखी खणाखणी नको. काही जाती पोकळ काड्यांत राहतात. त्यांच्यासाठी बांबूच्या किंवा बोरूच्या २ ते १० मिलिमीटर भोकाच्या, एका बाजूने बंद काड्यांची जुडी पाऊस न लागणाऱ्या जागी बांधली की पुरे. विकत मिळणारी भलीमोठी ‘कीटक हॉटेलं’ टाळलेली बरी. एका जागी फार घरटी झाली की परजीवी आणि बुरशीही तिथेच जमतात.

औषधाबद्दल. निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं झाडाच्या रसात मिसळतात आणि तिथून परागात आणि मकरंदातही उतरतात. म्हणजे वरून धुऊन काही जात नाही. युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तिघांचा उघड्यावरचा वापर बंद केला. रोपवाटिकेतल्या रोपांना ती आधीच दिलेली असू शकतात, म्हणून विचारावं, किंवा सरळ बियांपासून रोपं करावीत. मावा आला तर पाण्याची जोरदार फवारणी बहुतेकदा पुरते. फवारायचंच झालं, मग ते निंबोळी अर्क का असेना, तर फुलांवर नको आणि दिवसा नको.

पाणी उथळ ताटलीत ठेवावं, आत खडे घालून, म्हणजे माशीला उभं राहता येतं. दोन दिवसांनी बदलावं, नाहीतर डासांची सोय होते.

आणि गुलाबाच्या पानाच्या कडेला अगदी कंपासने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले, तर ती कीड नव्हे. ती पानं कापून घरट्याला अस्तर लावणारी एक मधमाशी आहे. झाडाला त्याने काही होत नाही. फवारणीचा पंप खाली ठेवा.